एसबीए-१५ चा सरफेस एरिया कमी येत होता, शेवटी गडबड भट्टीत निघाली

मेटल चढवायच्या आधी सपोर्ट म्हणून एसबीए-१५ (बारीक छिद्रांची, म्हणजे पोअरची, सिलिका पावडर) बनवत होतो. पी१२३ (पोअरचा साचा होणारा पॉलिमर, शेवटी भट्टीत जाळून काढायचा), टीईओएस (सिलिका देणारं रसायन), २ मोलर एचसीएल अॅसिड, ४० डिग्रीला २४ तास ढवळणं, मग १०० डिग्रीला २४ तास बंद बाटलीत, सगळं नेहमीचंच. पण बीईटी (नायट्रोजन शोषवून सरफेस एरिया मोजायची चाचणी) करून बघतो तर ३२० स्क्वेअर मीटर पर ग्रॅम, खरं तर ६०० च्या वर यायला पाहिजे होता. मला वाटलं अॅसिडच चुकलं असणार, म्हणून अजून दोन बॅच केल्या आणि दोन आठवडे वाया घालवले.

मग एकदा पावडर नीट उजेडात बघितली तर करडी, आणि क्रुसिबलच्या तळाला चक्क काळपट. म्हणजे पी१२३ पूर्ण जळलाच नव्हता, कार्बन होऊन पोअरमध्ये अडकलेला. क्रुसिबल काठोकाठ भरायचो, वरून मिनिटाला १० डिग्रीने तापवायचो, आत हवा जाणार कुठून!

आता पसरट डिशमध्ये पातळ थर लावतो, मिनिटाला १ डिग्रीने ५५० पर्यंत नेतो, ६ तास ठेवतो आणि हवा चालू ठेवतो. पावडर पांढरीशुभ्र आली, टीजीएमध्ये (तापवत वजन किती घटतं ते मोजणं) पाणी सोडलं तर काही जळताना दिसलं नाही. डीगॅसिंगही (बीईटीच्या आधी पोअरमधलं पाणी-हवा काढणं) आधी दोन तासात उरकायचो, ते आता व्हॅक्यूमखाली २०० डिग्रीला रात्रभर. एरिया ७४० आला, एच१ लूप (बीईटीच्या ग्राफमधला वळसा, पोअर एकसारखे असल्याची खूण) पण मस्त उभा.

जुनी करडी बॅच परत भाजून बघितली, रंग गेला पण एरिया ४५० च्या वर काही सरकला नाही, बहुतेक जोरात जळताना पोअर आकसले असावेत.