फिरत्या सेन्सरने ट्रॉलर टिपायचाय? मग या चुका टाळा

मालवण-देवगडकडे छोट्या होड्यांवर सेन्सर बसवून रात्री किनाऱ्यालगत घुसणारे ट्रॉलर (मोठं जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी) टिपायचे ही कल्पना एकदम रास्त आहे, रापणवाल्यांच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या) तोंडचा घास जातोय हे सगळ्यांना दिसतंयच. पण फिरता सेन्सर खांबावरच्या सेन्सरसारखा वापरला की सगळं बिघडतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे चालू इंजिनवर ऐकत बसणं. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, पाण्यात आणि वर आपलंच आउटबोर्ड धडधडतंय, मग रात्रभर अलर्ट येणारच ना! इंजिन बंद करा, होडी वाहू द्या, दोन-चार मिनिटं नीट ऐका आणि मग पुढे सरका. तरीही ठकठक येत असेल तर केबल होडीच्या अंगावर आपटतेय का बघा, खाली वजन बांधा आणि वरच्या टोकाला थोडं रबर जोडा म्हणजे लाटेचा झटका खाली जात नाही.

एकच ट्रॉलर नकाशावर दोन ठिकाणी दिसतोय? घड्याळं तपासा आधी. घड्याळातला साधा २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस इतकी चूक असणारा) क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंदांपर्यंत सरकतो, आठवडाभर सिंक केलं नाही तर १२ सेकंद, आणि १० नॉटने जाणारी बोट तेवढ्यात ६० मीटर पुढे गेलेली असते, त्यात दुसऱ्या नोडचं (म्हणजे दुसऱ्या होडीवरच्या सेन्सर-संचाचं) घड्याळ उलट बाजूला सरकलं असेल तर फरक दुप्पट. प्रत्येक नोडने जीपीएसवरून वेळ घ्यायलाच हवी, आणि मेसेजमध्ये आवाज ऐकला ती वेळ टाका, किनाऱ्यावर मेसेज पोचला ती नाही.

लोरावर (कमी विजेत दूरवर छोटे मेसेज पाठवणारा रेडिओ) एसएफ १२, म्हणजे सगळ्यात संथ सेटिंग, ठेवून सगळे नोड एकदम ओरडले तर मेसेज एकमेकांवर आदळून गायब होतात, कारण तिथे छोटा मेसेजसुद्धा हवेत सेकंदभर असतो. रँडम डिले टाका, जमेल तिथे एसएफ कमी करा, अँटेना डोलकाठीवर उंच चढवा.

आणि रोजचा तोच राउंड मारू नका प्लीज. फिरणारे सेन्सर वेळ जाईल तसा जास्त भाग पिंजून काढतात, कमी सेन्सरमध्ये भागतं ते त्यामुळेच, पण चुकवणाऱ्या टार्गेटसमोर दिशा रँडम निवडणं सगळ्यात चांगलं, हे लिऊ, टाउझ्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच गणिताने दाखवलंय. ठरलेला रस्ता समोरचा पाठ करतो आणि तुम्ही पलीकडे गेलात की जाळं टाकतो.

एवढं करूनही एखादा नोड मध्येच गप्प होत असेल तर कोड उघडण्याआधी कनेक्टर उघडा, खाऱ्या हवेने हिरवट पडलेला असेल.