साथीच्या काळात जत्रेचा निर्णय: मतभेद असलेली बैठक कशी चालवावी

गावात साथ शिरली की पहिला वाद जत्रेवरून पेटतो. एक बाजू म्हणते, घराघरांत म्हातारी माणसं आहेत, डायलिसिसवर असलेले आहेत, जत्रा बंद ठेवा. दुसरी म्हणते, ज्यांना भीती आहे त्यांनी घरी बसावं, बाकीच्यांना कशाला अडवता? दोन्हींकडे तथ्य असतं, म्हणूनच बैठक लवकर हमरीतुमरीवर येते. पुढची पद्धत गोव्यातल्या देवस्थानच्या महाजनांसाठी, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांसाठी, लिहिली आहे. ग्रामसभेला आणि हाउसिंग सोसायटीलाही ती चालेल.

बैठकीआधी दोन कागद मिळवा. पहिला, जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा आरोग्य खात्याच्या ताज्या आदेशाची सहीची प्रत. व्हॉट्सॲपवरचा फोटो नको. क्रमांक, तारीख, कोणत्या कायद्याखाली काढला आणि किती दिवस लागू, हे दिसलं पाहिजे. 1897 चा महामारी कायदा, 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 यांपैकी कशाचा तरी आधार बहुतेक आदेशांत असतो. दुसरा कागद, प्राथमिक आरोग्य केंद्राकडून मागच्या 14 दिवसांचे आकडे: किती चाचण्या, किती बाधित, किती जण दाखल, वयोगट कोणता. नावं मागू नका, दिली तरी घेऊ नका.

अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगावं की आपल्या हातात काय आहे. कागदावर ‘आदेश’ असेल तर त्यावर मतदान नाही. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली शिक्षा होऊ शकते. आदेश चुकीचा वाटतो त्यांना अर्ज किंवा न्यायालय हा रस्ता मोकळा आहे, आणि तसं म्हणणाऱ्याला गावद्रोही ठरवायचं कारण नाही. ‘सूचना’ असेल तर निर्णय समितीचा. एवढा फरक स्पष्ट झाला तरी निम्मी गरमागरमी ओसरते.

मग फळ्यावर चार प्रश्न लिहा: रोग पसरतो कसा? धोका कोणाला, किती? कोणता उपाय? किती दिवसांसाठी? एकावरचं बोलणं संपल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. भांडणं होतात ती बहुधा एकजण पहिल्यावर आणि दुसरा तिसऱ्यावर बोलत असल्यामुळे.

पहिला प्रश्न सोपा वाटतो म्हणून लोक तो गाळतात. डेंग्यू डासांतून येतो, तिथे मास्क निरुपयोगी. अग्रशाळेच्या (देवळाच्या धर्मशाळेच्या) गच्चीवरची टाकी झाका, साठलेलं पाणी ओता. कॉलऱ्यात प्रसादाचं पाणी आणि हात महत्त्वाचे. हवेतून पसरणाऱ्या रोगात मात्र बंद सभामंडप हीच खरी अडचण.

धोक्याच्या आकड्यांत फसायला वेळ लागत नाही. समजा, आदल्या आठवड्यात 200 चाचण्यांत 20 बाधित होते, या आठवड्यात 40 चाचण्यांत 12. बाधित कमी झाले म्हणून कोणी खूश होईल, पण प्रमाण 10 टक्क्यांवरून 30 वर गेलं आहे. उलट, केवळ आजारी माणसांचीच चाचणी होत असेल तर हे प्रमाण फुगतं. म्हणून दाखल रुग्णांचा आकडा शेजारी ठेवूनच बोला.

‘मधुमेह असेल तर धोका दुप्पट’ असं वाक्य आलं की लगेच विचारा: कशाच्या दुप्पट? समजा तरुणाचा मूळ धोका हजारांत 1 आहे, तर दुप्पट म्हणजे 2. सत्तरीतल्या माणसाचा मूळ धोका हजारांत 40 असेल, तर दुप्पट म्हणजे 80. शब्द एकच, पण वजन कुठल्या कुठे.

‘ज्यांना धोका त्यांनी घरी बसावं’ या मताला गोव्यात एक मोठी अडचण आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळलं: प्रौढांमध्ये 26.4 टक्के, तर देशात 11.4. 2011 च्या जनगणनेत साठीवरच्यांचं प्रमाण इथे 11 टक्क्यांच्या आसपास होतं, देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त. एकाच घरात आजी, मधुमेही काका आणि जत्रेला जाणारा नातू राहतात. घरी बसणाऱ्याला रोग घरातलाच माणूस आणून देतो. हे मांडा, पण समोरच्याच्या म्हणण्यातला खरा भाग सोडू नका: जत्रेवर पोट असलेला खाजेवाला, फुलकार बाई, दशावतारी कलाकार यांचं नुकसानही खरं असतं. त्यांना बैठकीला बोलावून बोलू द्या.

आणखी एक वाद हमखास निघतो: ‘तो साथीने गेलाच नाही, त्याला आधीच मधुमेह होता.’ मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्याचे दोन भाग असतात. पहिल्यात मृत्यूकडे नेणारी कारणांची साखळी, मूळ कारणासह. दुसऱ्यात हातभार लावणारे जुने आजार. कोविडच्या मृत्यूत मधुमेह दुसऱ्या भागात लिहायचा, असं मार्गदर्शन होतं. वर्षानुवर्षं गोळ्या घेत जगणारा माणूस साथ आल्यावर पंधरा दिवसांत जातो, तेव्हा जुन्या आजाराला मूळ कारण म्हणणं चूक आहे. मात्र कोणा घरच्या मृत्यूचं उदाहरण बैठकीत घेऊ नका.

उपाय ठरवताना न्यायालयांची कसोटी वापरा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या खाजगीपणाच्या निकालातून आलेल्या तत्त्वाचं गावठी रूप असं: हेतू योग्य आहे का, उपायाने तो साधतो का, याहून सौम्य उपाय आहे का, आणि नुकसान फायद्याच्या मानाने फार नाही ना? तिसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घालवा. जत्रा बंद करण्याआधी पायऱ्या मोजा: नाटक सभामंडपातून मैदानात, दर्शनाची एकच गर्दी फोडून सकाळ-संध्याकाळ वेळा, पहाटेची वेळ ज्येष्ठांसाठी, महाप्रसाद पंगतीऐवजी पुडीत, पालखीचा मार्ग लहान.

सभामंडपाची हवा किती कोंदली हे मोजायला, श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र ठेवा. बाहेर ते साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420) दाखवतं. आत 800 च्या वर गेलं की दारं उघडा नाहीतर माणसं कमी करा. यंत्र बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, समई-निरांजनांपासून लांब ठेवा. दिव्याच्या ज्योतीतूनही हाच वायू निघतो, त्यामुळे गाभाऱ्याजवळचा आकडा खोटा चढतो.

लसीचा दाखला दाराशी मागायचा का, हा प्रश्न येईलच. 2 मे 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणावर लसीची सक्ती करता येत नाही. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, ते प्रमाणात असले पाहिजेत. बाधितांची संख्या कमी असताना लस न घेतलेल्यांना अडवू नये, अशी सूचनाही त्यात होती. देवस्थान समिती म्हणजे सरकार नव्हे. आदेश नसताना दाराशी माणसं परतवण्याच्या वाटेला जाऊ नका, हा आमचा स्पष्ट सल्ला.

आजारांची जाहीर विचारणा कधीच करू नका. ‘कोणाला बीपी-शुगर आहे, हात वर करा’ हे वाक्य बैठकीत येता कामा नये. स्वयंसेवकांच्या वहीत नाव, वाडा, फोन आणि ‘मदत हवी का: हो / नाही’ एवढेच रकाने पुरेत, ‘आजार’ हा रकाना आखूच नका, कारण ती वही टेबलावर उघडी राहतेच. बाधिताच्या दारावर चिठ्ठीही नको. सक्षम अधिकाऱ्याचा आदेश नसेल तर घरांवर असे फलक लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 9 डिसेंबर 2020 रोजी सांगितलं आहे. फलकाच्या भीतीने माणूस चाचणी टाळतो, मग आकडेही खोटे पडतात आणि रोगही पसरतो. 1897 साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या शिपायांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या, त्या संतापाचा शेवट 22 जूनला रँडवरच्या गोळीत झाला. रोगाइतकीच जखम उपाय राबवण्याच्या पद्धतीने होते.

ठरावात तारीख लिहा. नमुना असा: ‘यंदाचं नाटक मैदानात होईल, सभामंडपात एका वेळी 60 भाविक. हा ठराव 15 दिवसांसाठी. पुढच्या रविवारी दाखल रुग्णांचे आकडे पाहून पुन्हा विचार. विरोधी मत: पाच महाजन, कारण…’ विरोधकांचं कारण त्यांच्याच शब्दांत उतरवा आणि त्यांना वाचून दाखवून सही घ्या. दुसऱ्या दिवशी ठरावाची प्रत फलकावर, आणि जिथे अफवा फिरतात त्या व्हॉट्सॲप गटावरही.