बातम्यांमुळे जिवाला घोर लागतो तेव्हा: ख्रिस्ती माणसाने काय करावे

"फोन बाजूला ठेवा, वचन वाचा, काळजी आपोआप जाईल," हा सल्ला मंडळीत वर्षानुवर्षे दिला जातो आणि त्याने कुणाची काळजी गेलेली मी पाहिली नाही. वसईतल्या किंवा गोव्यातल्या ज्या आईचा मुलगा आखातात नोकरीला आहे, ती तिकडे तणाव वाढल्यावर फोन बाजूला ठेवेल कशी? त्याहून वाईट सल्ला म्हणजे, "काळजी करतेस, म्हणजे तुझा विश्वास कमी पडतोय." गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता, आणि तसं त्याने शिष्यांना बोलूनही दाखवलं. काळजी वाटते म्हणून कुणाला खजील करू नका.

सोपं आधी उरकू. बातम्यांच्या अ‍ॅपच्या आणि यूट्यूबच्या सूचना बंद करा. बातम्यांसाठी दोन वेळा ठरवा, सकाळची प्रार्थना झाल्यावर आणि दिवेलागणीला. अंथरुणात बातम्या नकोत. टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चा सोडून द्या, त्यात बातमी नसतेच. शक्य असेल तर छापील पेपर घ्या, त्याला शेवटचं पान असतं.

आता फॉरवर्ड. "तातडीची प्रार्थना-विनंती" म्हणून येणाऱ्या मेसेजपैकी एक बरीच वर्षं फिरतोय: भारतातल्या ओलिसाबांग प्रांतात काल रात्री २० चर्च जाळली, आज आणखी २०० जाळणार आहेत. या नावाचा प्रांत भारताच्या नकाशावर कुठेच नाही. "खोटं असलं तरी प्रार्थनाच झाली ना, बिघडलं काय?" असं विचारणारे भेटतात. बिघडतं. किती घरांत रात्री विनाकारण धास्ती शिरते. शिवाय २००८ मध्ये ओडिशातल्या कंधमाळमध्ये चर्च आणि घरं खरोखर जळाली. असं पुन्हा कुठे घडलं, तर त्या माणसांच्या हाकेवर कुणाचा विश्वास बसणार नाही. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्डलाही लागू आहे. गाव, तारीख आणि सांगणारा माणूस, या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर विनंती पुढे पाठवू नका. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल, तर तो बऱ्याच हातांतून आलाय एवढं ओळखा.

खरी अडचण पुढे आहे: बातमी वाचून झाल्यानंतरची दहा मिनिटं. या पायरीने मला फार झुंजवलं. आपण प्रार्थना करतो, मग काय झालं ते बघायला फोन उघडतो, घाबरतो, पुन्हा प्रार्थना करतो. अशाने प्रार्थना राहत नाही, "हे प्रभू" म्हणून सुरू होणारी काळजी होते.

इथे बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाचे अध्याय १८ आणि १९ सावकाश वाचा. अश्शूरच्या राजाचा सरदार रब्शाके यरुशलेमच्या तटाजवळ येऊन धमक्या देतो. यरुशलेमच्या हिज्कीया राजाची माणसं विनवतात, आमच्याशी अरामी भाषेत बोल, तटावरच्या लोकांना कळेल असं बोलू नकोस. तो मुद्दाम लोकांच्याच भाषेत ओरडतो, कारण घबराट पसरवायलाच तो आलेला असतो. राजाने लोकांना आधीच ताकीद दिलेली असते की त्याला उत्तर द्यायचं नाही. पुढे धमकीचं पत्र येतं. हिज्कीया ते वाचतो, मंदिरात नेतो आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवतो. वाचतो, हे लक्षात घ्या. न वाचता फेकून देत नाही.

आपण हे उलगडून ठेवणं वहीत करायचं, फोनवर नाही. चार ओळी लिहा. पहिली, घडलं ते: "दुबईची विमानं रद्द. धाकटा शुक्रवारी निघणार होता." यात "झालं तर" आणि "असेल तर" येऊ देऊ नका. दुसरी, भीती: "अडकून पडेल, नोकरी जाईल." तिसरी, मागणं, एकच. चौथी, माझ्या हातात काय आहे: "रात्री आठला फोन. दूतावासाचा नंबर त्याला पाठवणे." हातात काही नसेल तर "काही नाही" असं स्पष्ट लिहा. हे लिहायला सगळ्यात जड जातं, आणि म्हणूनच ते टाळू नका. चौथी ओळ मी बायबलमधल्या नहेम्याकडून शिकले, तो पर्शियाच्या राजाच्या पदरी असलेला यहूदी. यरुशलेमचा तट पडल्याचं ऐकून तो रडला, उपास केला, किस्लेव या यहूदी महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत म्हणजे सुमारे चार महिने थांबला, आणि मग राजाकडे रजा, पत्रं आणि लाकूड मागितलं.

चारही ओळी मोठ्याने वाचा, आमेन म्हणा आणि लगेच उठा. बसून राहिलात तर हात फोनकडे जाणारच. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि मेथी निवडायला घ्या, कपडे घडी करा, काहीही करा. काळजी परत येईल. तेव्हा तीच प्रार्थना पहिल्यापासून सुरू करू नका. "हे दिलंय तुझ्याकडे" एवढं म्हणून हातातलं काम चालू ठेवा. मागणं पुन्हा करायचंय? उद्याच्या वेळेला करा. लूक १८ मधल्या, न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा न्याय मागणाऱ्या चिवट विधवेचा दाखला इथे हमखास दिला जातो. ती बाई न्यायाधीशाच्या दारात जात होती, स्वतःच्या घरात येरझाऱ्या घालत नव्हती.

रविवारी उपासनेनंतर वहीतलं एक पान कुणाला तरी वाचून दाखवा. उत्तर मिळालं तर त्याच पानावर तारीख टाका.

एवढं करूनही पंधरवडाभर झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर पाळकांना किंवा फादरना भेटा आणि डॉक्टरांनाही. दोघांची कामं वेगळी आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.