निसर्गचित्रं आणि प्राणिशिल्पं एका दालनात मांडताना

निसर्गचित्रकार आणि प्राणिशिल्पकार यांचं एकत्र प्रदर्शन ठरलं, की पहिला मोह होतो बैलामागे शेत आणि वाघामागे जंगल लावण्याचा. मीही पहिल्या खेपेला तेच केलं. ब्राँझचा बैल मधोमध आणि मागे नांगरलेल्या शेताचं मोठं तैलचित्र. दोन दिवसांत कळलं, की लोक बैलाभोवती फिरताहेत आणि चित्र नाटकातल्या पडद्यासारखं मागे लटकतंय. चित्रकार काही बोलला नाही, पण मला ते अजून लागतं. तेव्हापासून प्राणी मी चित्राच्या पुढ्यात ठेवत नाही, बाजूला तिरका ठेवते.

सुरुवात शिल्पांपासून करा. चित्रं भिंतीला टेकवून ठेवा, शिल्पं जाड घोंगडीवर खाली मांडा आणि प्रत्येक प्राणी कुठे बघतोय, कान कुठे टवकारलेत, ते पाहत फिरा. हरणाने मान वळवली असेल, तर बघणाऱ्याची नजरही तिकडेच जाते. तिथे, तीनचार पावलांवर, चित्र येऊ द्या.

मग क्षितिज. इथे घाई करू नका, खरी मेख इथेच आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटिमीटरवर धरायचा, ही नेहमीची रीत. पण निसर्गचित्रातलं क्षितिज म्हणजे चित्रकाराच्या डोळ्यांची उंची. सपाट माळावर आपल्यासमोर शेळी उभी असेल, तर तिची पाठ क्षितिजाच्या खालीच दिसते. तीच शेळी उंच पेडेस्टलवर, म्हणजे शिल्पाखालच्या चौथऱ्यावर, चढवली आणि तिची पाठ मागच्या चित्रातलं क्षितिज कापू लागली, की शेळीचा डोंगर होतो. म्हणून पेडेस्टल पक्कं करण्याआधी खोकी रचून बघा: एकदा दारातून, एकदा जवळून, एकदा मुलाच्या उंचीवर वाकून. वीतभर उंचीच्या शिल्पामागे मी चित्र लावतच नाही, त्याला कोरी भिंत देते.

अंतोआन-लुई बारी (1795–1875) या फ्रेंच शिल्पकाराची जलरंगचित्रं मिळतील तिथे बघा. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात अभ्यासलेले वाघसिंह त्याने फाँतेनब्लोच्या जंगलातल्या खडकांत नेऊन बसवले. प्राणी आणि भूमी यांचं माप एकाच हाताने कसं जुळवलंय, ते त्यांत दिसतं.

प्रकाशाच्या बाबतीत दोघांच्या गरजा उलट्या. चित्राला सगळीकडे सारखा उजेड हवा आणि दिवा उभ्या रेषेपासून सुमारे 30 अंशांवर, म्हणजे रंगावर चमक येत नाही. शिल्पाला सावली हवी: एका बाजूने ठळक प्रकाश, दुसरीकडून अगदी मंद. जलरंगांना 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर नेऊ नये, तैलरंगांना 200 पर्यंत चालतं. ब्राँझला उजेडाची भीती नसते, पण झगझगीत ब्राँझशेजारी जलरंग मलूल दिसतात, म्हणून त्यांना लांब ठेवा. शिंगांची सावली चित्रावर पडत नाही ना, हे दिवे लावूनच तपासा.

मोठं चित्र बघताना माणूस मागे सरकत जातो, मागे न बघता. तो पट्टा मोकळा सोडा. पोकळ पेडेस्टलच्या तळात वाळूच्या पिशव्या घाला. शिल्प उचलताना नायट्राइलचे हातमोजे घाला, घामातल्या क्षारांनी पटिनावर, म्हणजे ब्राँझवरच्या रंगीत थरावर, बोटांचे डाग उमटतात. आणि धरायचं धडाला. शिंग, शेपूट, पाय यांना कधीच नाही.

नावांच्या पट्ट्या दोघांच्या सारख्याच आकाराच्या असाव्यात. जोड्यांना काव्यमय शीर्षकं देऊ नका.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी दोघांनाही बोलवा, दिवे लावा आणि स्वतः गप्प बसा. मागच्या वेळी शिल्पकार बराच वेळ फिरली, मग तिने बसलेला कोल्हा चार बोटं डावीकडे वळवला. चित्रकार शेजारी येऊन उभा राहिला आणि कोल्हा बघत होता त्या नदीकाठच्या चित्राकडे तोही बघू लागला. मी पेडेस्टलवर पेन्सिलीने खूण केली.