गाडी उंच करण्याआधी शॉकअप बघा: पांदणीवरचे गचके कमी कसे करावेत

काटोल-कळमेश्वरकडच्या पांदणीवर थार आदळायला लागली की नागपुरात हमखास सल्ला मिळतो, "लिफ्ट मारून घे." लिफ्टने गाडीखालची जागा वाढते. गचके मात्र कमी होतीलच असं नाही, चुकीच्या लिफ्टने तर ते वाढतात. म्हणून आधी टायरची हवा, मग बुश (जोडांमधले रबरी तुकडे), शॉकअप, स्प्रिंग आणि सगळ्यात शेवटी उंची, हा क्रम सोडू नका.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापमान ५-६ अंशांनी चढलं की साधारण १ पीएसआय वाढतो, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारचा आकडा फसवा असतो. कंपनीच्या स्टिकरवरचा आकडा डांबरी रस्त्यासाठी आहे. कच्च्या वाटेवर २०-२२ पर्यंत उतरवून हळू चालवा, फरक लगेच जाणवेल. डांबरावर येताच पुन्हा भरा. त्यासाठी छोटा पंप गाडीतच असू द्या.

आता गाडी सपाट फरशीवर लावा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी टेपने मोजून लिहून ठेवा. एखादा कोपरा बसलेला दिसला, तर बहुधा तिथली स्प्रिंग दमली आहे. खाली वाकून शॉकअपवर तेलाचे ओघळ, फाटलेले बुश आणि झिजलेले बंप स्टॉप (चाक पूर्ण वर गेल्यावर धक्का झेलणारे रबरी ठोकळे) आहेत का बघा. कित्येक गाड्यांचा खडखडाट बुश बदलल्यावरच थांबतो.

स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिचं उसळणं आवरतो. खड्ड्यातून निघाल्यावरही गाडी झुलत राहिली तर शॉकअप गेले समजा. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ चाललं की आतलं तेल तापतं, फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन वायूच्या दाबामुळे हा फेस कमी होतो. मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉकअप, उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण त्याच्या नळीला दगडाचा पोचा बसला तर पिस्टन अडकू शकतो. ट्विनट्यूब, म्हणजे नळीत नळी असलेला, स्वस्त असतो आणि असा मार सोसतो. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी पांदण असा वापर असेल, तर मी गॅसचा ट्विनट्यूबच घ्यायला सांगेन.

एवढं करूनही पोट घासत असेल तर लिफ्टचा विचार करा, तोही दीड-दोन इंचांपर्यंतच. २०२० आधीच्या बहुतेक थारला पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आणि मागे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. मिस्त्री पुढचा बोल्ट पिळून बघता बघता गाडी उचलून देतो. पण मग चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि खड्ड्याखड्ड्यात ठक्क आवाज येतो. मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी कडी) लावली तर इंचभर उंचीसाठी ती दोन इंच लांब लागते. त्यापेक्षा पाट्यांचा नवा जोड घेणं बरं. मारुतीच्या जिम्नीला पुढे-मागे सलग धुरा आहे. ती उंच केली की पॅनहार्ड रॉड (धुरा आडवा सरकू नये म्हणून लावलेला दांडा) धुरा एका बाजूला सरकवतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) घटून स्टिअरिंग भटकायला लागतं. पांदणीवर हे कळत नाही, समृद्धी महामार्गावर १२० ला कळतं. म्हणून किटमध्ये लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड आणि कॅस्टर बुश आहेत का, हे आधी विचारा.

स्प्रिंग घेताना गाडीवर खरोखर किती वजन असतं ते सांगा. विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आणि लोखंडी बंपरच्या वजनासाठी बनवलेली स्प्रिंग मोकळ्या गाडीला लावली तर पाठ मोडेल.

एक भानगड राहिली. कायद्याने गाडीत परस्पर बदल चालत नाहीत आणि दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. किट विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा.

काम चालू असताना मिस्त्रीजवळ उभे राहा. चाकं हवेत लोंबकळत असताना ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना, बघा. नवे शॉकअप त्या वेळी पुरेसे लांब पडले पाहिजेत. रबरी बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायला सांगा. जॅकवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटची उंची लावून घ्या. पाटे बदलले असतील तर ते धुऱ्याला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या.