काळे केस उजळण्याआधी काय विचारावे

पार्लरचे प्राथमिक शिक्षण कोल्हापुरात घेऊन मी पुण्यातील एका सलूनमध्ये रंगकाम शिकण्यासाठी रुजू झाले, तेव्हा या कामातले सारे कौशल्य ब्रश आणि फॉइल हाताळण्यात आहे अशी माझी समजूत होती. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिला आठवडा ब्रश देत नाही. खिडकीच्या उजेडात केस पाहायला आणि ग्राहकाशी नीट बोलायला बसवते.

काळा केस उजळतो म्हणजे काय होते, हे आधी समजून घ्यावे. केसात काळे-तपकिरी आणि तांबूस-पिवळे अशी दोन रंगद्रव्ये असतात. ब्लीच किंवा डेव्हलपर (हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण) लावल्यावर त्यातले काळे-तपकिरी लवकर विरते आणि तांबूस-पिवळे चिवटपणे मागे राहते. म्हणून आपल्याकडचा केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी आणि त्यानंतर पिवळा दिसतो. रंगकामात काळ्यापासून अतिफिकट सोनेरीपर्यंत 1 ते 10 अशा लेव्हल मानतात. आपल्या बहुतेक ग्राहकांचे केस 1 ते 3 मध्ये येतात आणि कॅरॅमल किंवा मधाळ छटेसाठी 6 किंवा 7 पर्यंत जावे लागते. तिथे केस नारिंगी असतो, आणि नेमकी हीच ऊब, म्हणजे तांबूस-पिवळी झाक, आपल्याला या छटांसाठी उपयोगी पडते. फोटोत पाहून मागितलेली राखाडी छटा मात्र त्याहून बरीच वर, पिवळ्या टप्प्यानंतरच साधते, आणि टोनर, म्हणजे उजळलेल्या केसाला छटा देणारा हलका रंग, काही आठवड्यांत उतरला की खालची ऊब पुन्हा डोकावते. पहिल्याच बैठकीत कमरेपर्यंतच्या काळ्या केसांना राखाडी करून देण्याचे काम मी स्वीकारत नाही, आणि तुम्हीही स्वीकारू नये असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या वर्षी घडलेला एक प्रसंग मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. लांब केसांच्या एका ताईंना मधाळ छटा हवी होती. ‘मेहंदी लावता का?’ असे मी विचारले आणि त्या ‘नाही’ म्हणाल्या. ते उत्तर खरे होते, कारण दीड वर्षापूर्वी त्यांनी ती बंद केली होती. त्याआधी मात्र कित्येक वर्षे त्या काळी मेहंदी लावत होत्या. ब्लीच लावल्यावर मुळाकडचे वीसेक सेंटिमीटर केस छान नारिंगी झाले आणि त्याखालचे काळपट लालच राहिले. मी घाबरून खालच्या भागावर पुन्हा ब्लीच लावले, तेव्हा ओली बट ताणल्यावर रबरासारखी लांबू लागली आणि आखडेना. आमच्या वरिष्ठांनी काम थांबवून केस धुतले आणि त्या ताईंना टोके कापावी लागली. त्यांचा आरशातला चेहरा मला अजून आठवतो. चूक माझ्या प्रश्नात होती.

केस महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 45 सेंटिमीटर लांब केसाच्या टोकाला तीन वर्षांहून अधिक काळात लावलेले सर्व काही साठलेले असते. म्हणून ‘गेल्या तीन-चार वर्षांत केसांना काय काय लावले, घरी आणि पार्लरमध्ये?’ असा प्रश्न विचारावा आणि मेहंदी, काळी मेहंदी, डाय, स्मूदनिंग ही नावे एकेक घेऊन विचारावीत. तरीही मानेजवळची एक बारीक बट कापून तिच्यावर आधी प्रयोग करावा. काही काळ्या मेहंदीत धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी संयोग होऊन ते तापू शकतात. बट गरम होऊ लागली तर काम तिथेच थांबवावे. रंगाची पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडा रंग लावून ॲलर्जीची चाचणी, 48 तास आधी करावी, ग्राहक घाईत असला तरीही.

कधीच रंग न लावलेल्या केसाला एक-दोन लेव्हल वर न्यायचे असेल तर 20 व्हॉल्यूमच्या, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइडच्या डेव्हलपरसह टिंट, म्हणजे केसांचा कायमचा रंग, पुरतो. आधी रंगवलेल्या केसाला मात्र टिंट उजळत नाही, तिथे ब्लीचच लागते. टाळूच्या उबेमुळे मुळे लवकर उजळतात, त्यामुळे मुळाशी एक-दीड सेंटिमीटर जागा सोडून सुरुवात करावी आणि ती जागा शेवटी घ्यावी. ब्लीच पावडर खिडकीपाशी, धूळ न उडवता कालवावी आणि हातमोजे घालूनच काम करावे, कारण तिच्यातील पर्सल्फेटमुळे रंगकाम करणाऱ्यांना दमा जडू शकतो.

त्या ताई आठ महिन्यांनी परत आल्या. मेहंदीचे उरलेले केस तोवर त्यांनी टप्प्याटप्प्याने कापून टाकले होते. या वेळी मी बटेवर प्रयोग केला, 20 व्हॉल्यूमवर सावकाश काम केले आणि लेव्हल 6 ला थांबले. लावलेले प्रमाण, वेळ आणि छटा लिहिलेले त्यांचे कार्ड मी आजही नव्या मुलींना दाखवते.