यंत्राआधी चप्पल पाहावी : मधुमेही पायाच्या जखमेवर काम करताना

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमध्ये माझ्याकडे आलेला पहिला मधुमेही रुग्ण बसवाहक होता. त्याच्या उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती आणि ती मुळीच दुखत नव्हती. मी दोन आठवडे जखमेच्या कडेने अल्ट्रासाउंड (यंत्राने ध्वनिलहरींचा उपचार) देत राहिलो, नोंदी नीटनेटक्या ठेवल्या, आणि तो गृहस्थ रोज त्याच झिजलेल्या चपलेत, त्याच जखमेवर भार टाकत जिना उतरून घरी गेला. जखम तसूभरही भरली नाही. वरिष्ठ मॅडमनी यंत्राविषयी काहीच विचारले नाही. ती चप्पल हातात घेऊन जखमेच्या नेमक्या जागी पडलेला खळगा तेवढा दाखवला.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी प्रथम हे समजून घ्यावे, की ज्याच्या पायाची संवेदना शाबूत आहे तो काटा रुतला तरी लंगडतो आणि ते लंगडणेच त्या जागेला विश्रांती देते; मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला ही सोय नसते. म्हणून तपासणीत 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्शाची जाणीव तपासायचा नायलॉनचा तंतू) आणि 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंपनाची जाणीव तपासायचा धातूचा चिमटा) हवाच, मात्र मोनोफिलामेंट घट्ट्यावर टेकवू नये, कारण तिथे निरोगी माणसालाही स्पर्श कळत नाही. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर 0.9 पेक्षा कमी आले तर रक्तपुरवठ्याची शंका घ्यावी. पण मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा फसवा, चांगला दिसू शकतो, तेव्हा पायाच्या अंगठ्यातील दाबही मोजून घ्यावा.

तळपायाच्या अशा जखमेवर खरा उपचार भार काढण्याचा आहे. संपूर्ण पायाला चिकटून बसणारे, गुडघ्याखालपर्यंतचे प्लास्टर मूळचे कुष्ठरोग्यांसाठी वापरले जाई; वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे ते अमेरिकेत मधुमेही पायांसाठी रूढ केले. रक्तपुरवठा तुटपुंजा असेल किंवा जंतुसंसर्ग पसरलेला असेल, तर मात्र ते घालू नये. काढता येणारा बूट सोयीचा वाटतो, पण 2003 मधील एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांनी दिवसातील जेमतेम 28 टक्के पावले तो घालून टाकल्याचे आढळले. आपल्याकडे तर पादत्राण उंबऱ्याबाहेरच राहते, त्यामुळे घरात घालायची वेगळी, स्वच्छ जोडी मी पहिल्याच दिवशी मागतो.

घोट्याची हालचालही गुडघा सरळ ठेवून मोजावी. पोटरी आखडली असेल तर टाच लवकर उचलली जाते आणि सारा दाब चवड्यावर येतो. जखम उघडी असेपर्यंत पोटरीचे ताण बसूनच, पट्ट्याच्या साहाय्याने द्यावेत. उभ्याने भिंतीला टेकून नव्हे. पाय लाल, सुजलेला आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर व्यायाम थांबवून शार्को पायाच्या (बधिर पायातील हाडे-सांधे ढासळण्याच्या विकाराच्या) शक्यतेसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.

अल्ट्रासाउंड आणि विद्युत उत्तेजना यांचा मोह मला आजही कळतो, कारण यंत्र चालू असले की काहीतरी केल्यासारखे वाटते. तथापि मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचना जखम भरण्यासाठी ती वापरू नयेत असेच सांगतात.

त्या बसवाहकाला अखेर प्लास्टर घातले गेले. पण जखम भरल्यावरही वर्षभरात सुमारे 40 टक्के रुग्णांना ती पुन्हा होते आणि त्याचे काम तर दिवसभर उभ्याचे, म्हणून शेवटच्या भेटीत मी त्याला व्यायामाचा तक्ता दिला आणि डॉक्टरांकडून बैठ्या कामाची शिफारस करणारे पत्र लिहून घेतले. पत्र मिळवायला तक्त्यापेक्षा जास्त वेळ लागला.